दहा दिवसांचे बंदर



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी, की मी संपावर बोलेन, बोनसवर बोलेन, फार तर कामगार कायद्याच्या इतिहासावर बोलेन. मी "इंग्लंडातील होड्यांच्या जत्रेची तयारी" असे सांगितले, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग सभ्यपणे म्हणाले, "बरं, लोकांना काही तरी नवीन मिळेल." ते खरे की नाही हे तुम्ही तासाभराने ठरवायचे आहे.

मी विद्वान नव्हे. नववीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील एका लाकडी कपाटाने आणि दादरच्या वाचनालयाने केले. इतिहासकाराची शिस्त माझ्यापाशी नाही. पण तीस वर्षांच्या कामाने एक खोड मात्र लावली आहे. कोणतीही उभी वस्तू दिसली, की तीन प्रश्न मनात येतात : ही कोणी उभी केली, किती दिवसांत उभी केली, आणि करणाऱ्याच्या हाती काय पडले? आजचे व्याख्यान म्हणजे या तीन प्रश्नांचा एका परक्या गावात घेतलेला माग आहे.

काही वर्षांपूर्वी बंदर-कामगारांच्या एका बैठकीसाठी लंडनला जाण्याचा योग आला. बैठक आटोपल्यावर दोन दिवस मोकळे होते. तेथील एक निवृत्त गोदी कामगार मला म्हणाले, "चला, आमचे साउदॅम्प्टन दाखवतो." सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सोलेंट नावाच्या सामुद्रधुनीच्या आत हे शहर वसले आहे. भोवतालच्या नद्या आणि खाड्या शिडाच्या होड्यांनी भरलेल्या. दरवर्षी सप्टेंबरात तेथे होड्यांचे मोठे प्रदर्शन भरते. पाण्याला लागून मेफ्लॉवर पार्क नावाचे मैदान आहे, ते या प्रदर्शनाचे ठिकाण. आम्ही पोहोचलो तेव्हा प्रदर्शन भरायचे होते. माझ्या दृष्टीने हीच योग्य वेळ. लग्न पाहायचे तर आदल्या दिवशी मांडवात जावे, म्हणजे घर कळते.

काय दिसले? पाण्यावर एक रुंद तराफा नांगरलेला, त्यावर क्रेन, आणि ती क्रेन लांबलचक पोलादी खांब खाडीच्या चिखलात ठोकीत होती. खांबांच्या रांगा उभ्या राहिल्या, की पंटूनचे तुकडे पाण्यावरून ओढीत आणायचे, एकाला एक बोल्टांनी जोडायचे, आणि खांबांना कड्यांनी अडकवायचे. कडे खांबाला घट्ट बसवायचे नाही, कारण तेथे उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीत सुमारे चार मीटरांचा फरक पडतो. पाणी चढले की पंटून खांबावरून वर सरकले पाहिजे, उतरले की खाली आले पाहिजे. कडे अडकले तर एक टोक वर राहील, दुसरे बुडेल. अशी सुमारे दोन किलोमीटर लांबीची तरंगती वाट बांधतात, आणि तिच्या दोन्ही अंगांना तीनशेच्या आसपास नौका लागतात. मग विजेच्या तारा, पाण्याचे नळ, विस्तवाच्या बंदोबस्ताची सामग्री, जमिनीवर तंबूंचे शहर. रस्त्याने ट्रेलरांवरून होड्या येतात, क्रेन त्यांना पट्ट्यांत झुलवीत पाण्यात सोडते, आणि मग डोलकाठ्या उभ्या होतात. बहुतेक वर्षी प्रदर्शन दहा दिवस चालते. ते संपले की हे सारे उलट क्रमाने सोडवायचे. ऑक्टोबरात तेथे जाल तर पुन्हा मोकळे पाणी.

एक तरुण पंटूनवर गुडघे टेकून बोल्ट आवळीत होता. बोलण्यावरून तो पूर्व युरोपाकडचा वाटला. माझ्या सोबत्यांनी ओळख करून दिली. मी विचारले, "किती दिवसांचे काम?" म्हणाला, "आता काही आठवडे, मग सोडवायला पुन्हा काही दिवस." "नंतर?" त्याने खांदे उडवले. मी विचारले, "प्रदर्शन कसे असते?" तो हसला. म्हणाला, "आधीचे पाहिले आहे आणि नंतरचे पाहिले आहे. मधले नाही पाहिले."

हे वाक्य घेऊन मी परत आलो, आणि त्या जागेचा इतिहास वाचू लागलो.

पहिली गोष्ट अशी, की ज्या मैदानावर ते तंबू लागतात ते मैदान मुळात जमीनच नव्हे. १६२० च्या ऑगस्टमध्ये मेफ्लॉवर आणि स्पीडवेल ही दोन जहाजे साउदॅम्प्टनहून अमेरिकेकडे निघाली, तेव्हा आजच्या मेफ्लॉवर पार्कच्या जागी चिखल आणि पाणी होते. मेफ्लॉवरचे नाव शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. स्पीडवेलचे कोणी घेत नाही. तिला गळती लागली. दोन्ही जहाजांना आधी डार्टमथला आणि मग प्लिमथला वळावे लागले, आणि शेवटी स्पीडवेल मागे ठेवून मेफ्लॉवर एकटी गेली. गळक्या होडीची ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्याकडे परत यायचे आहे.

१८३८ मध्ये गोदीची कोनशिला बसली, १८४० मध्ये लंडनची रेल्वे आली, १८४२ मध्ये गोदी उघडली. या बंदराला निसर्गाने एक देणगी दिली आहे. भरती पुरी झाल्यावर तेथील पाणी लगेच उतरत नाही, बराच वेळ जवळजवळ तसेच टिकते. लोक त्याला दुहेरी भरती म्हणतात. मोठ्या जहाजांना आत-बाहेर करायला त्यामुळे सवड मिळते. १९०७ मध्ये व्हाइट स्टार कंपनीने आपली अटलांटिकवरील मोठी जहाजे लिव्हरपूलहून येथे आणली. पुढे १९२७ ते १९३४ या काळात सदर्न रेल्वे कंपनीने पश्चिमेकडील सुमारे ४०० एकर चिखलभूमी भरून नव्या गोद्या बांधल्या, आणि याच भरावाच्या काठाशी आपले मैदान तयार झाले. म्हणजे आज प्रेक्षक ज्या हिरवळीवर उभे राहून चहा घेतात, ती हिरवळ गोदीच्या मजुरांनी समुद्राकडून मिळवलेली आहे.

आता १९१२ सालाकडे या. त्या वसंतात ब्रिटनमध्ये कोळसा खाणींचा संप झाला होता. कोळशावाचून जहाजे धक्क्याला पडून होती आणि साउदॅम्प्टनचे आगवाले, खलाशी, खानसामे घरी बसले होते. टायटॅनिक निघणार म्हटल्यावर काम मिळाले याचाच त्यांना आनंद. १० एप्रिल रोजी ती निघाली, १५ एप्रिलच्या पहाटे बुडाली. या एकाच शहरातील पाचशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली, आणि त्यांतील बहुतेक नोकरमाणसे होती. जहाज बुडाले त्या घटकेपासून खलाशांचा पगार थांबला, हेही इतिहासात नमूद आहे.

टायटॅनिकची कथा सर्वांना ठाऊक असते. तिच्यानंतर नऊ दिवसांनी त्याच धक्क्यावर काय घडले, ते फार थोड्यांना ठाऊक असते. टायटॅनिकची बहीण ऑलिंपिक २४ एप्रिल रोजी निघणार होती. जीवरक्षक होड्या अपुऱ्या होत्या हे जगाला कळून चुकले होते, म्हणून तिच्यावर घाईघाईने घडीच्या कॅनव्हासी होड्या चढवण्यात आल्या. आगवाल्यांनी त्या पाहिल्या. त्यांचे म्हणणे पडले, की या जुन्या होड्या कुजक्या आहेत, पाण्यात टिकणार नाहीत. २८४ आगवाले पिशव्या उचलून जहाजावरून उतरले. त्यांची संघटना, ब्रिटिश सीफेअरर्स युनियन, सहा-सात महिन्यांपूर्वीच या शहरात जन्मली होती. दुसऱ्या दिवशी संघटनेच्या प्रतिनिधींसमोर चार होड्यांची परीक्षा झाली, आणि त्यांतली एक खरोखरच निकामी निघाली. प्रतिनिधी म्हणाले, "होड्या बदला, आम्ही माणसांना कामावर जायला सांगतो." परंतु दरम्यान कंपनीने संघटनेबाहेरची माणसे भरली होती. त्यांच्यासोबत जायला ५४ खलाशांनी नकार दिला, तेव्हा त्यांच्यावर बंडाचा खटला झाला. मे महिन्यात पोर्टस्मथच्या न्यायाधीशांनी आरोप सिद्ध धरला, पण परिस्थिती पाहून कोणालाही तुरुंग नाही, दंड नाही, असे सांगून सोडून दिले. जहाजाची ती फेरी रद्दच झाली.

बंधुभगिनींनो, होड्यांचे प्रदर्शन म्हणजे होडी पारखण्याची जागा. माझ्या मते साउदॅम्प्टनमधील खरे पहिले प्रदर्शन ते. तिकीट नव्हते, झेंडे नव्हते. चार होड्या पाण्यात सोडल्या, आणि पारखायला उभे होते भट्टीपुढे काम करणारे लोक. "ही गळते" असे म्हणण्याचा हक्क कामगाराला आहे की नाही, एवढाच प्रश्न होता.

आता त्या तरंगत्या वाटेचे मूळ पाहू. खांबावरून वर-खाली सरकणारा धक्का ही कल्पना लढाईत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. १९४४ च्या जूनमध्ये मित्रराष्ट्रांनी नॉर्मंडीवर सैन्य उतरवले, तेव्हा हाताशी बंदर नव्हते. म्हणून त्यांनी बंदरच तुकड्यातुकड्यांनी ओढून नेले. त्याला मलबेरी असे नाव होते. साउदॅम्प्टनच्या समोरील काठावर मार्चवुड येथे १९४३ मध्ये लष्करी बंदर उभे राहिले ते याच कामासाठी. पाय समुद्रतळावर टेकलेले आणि मंच भरतीबरोबर चढणारा-उतरणारा, अशी त्या धक्क्यांची रचना होती. १९ जूनपासून झालेल्या वादळात अमेरिकनांच्या वाट्याचे बंदर मोडले. आरोमांश येथील ब्रिटिशांचे टिकले आणि पुढे महिनोनमहिने उपयोगी पडले. तात्पुरते म्हणून बांधलेले काम बांधणाऱ्याच्या कसबावर टिकते, हे त्या वादळाने दाखवून दिले.

लढाईनंतर ब्रिटनने आणखी एक गोष्ट केली, आणि ती माझ्या विषयाचा गाभा आहे. गोदीतील काम मूळचेच अनिश्चित. जहाज आले तर काम, नाही तर हात रिकामे. सकाळी फाटकाशी माणसे गोळा व्हायची, मुकादम बोटाने निवडायचा, उरलेली घरी जायची. १९४७ च्या योजनेने गोदी कामगारांची नोंदवही तयार केली; नोंदलेल्या माणसाने हजेरी लावली, की काम मिळो न मिळो, किमान रक्कम पदरात पडायची. आपल्याकडे १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगार-नियमनाचा कायदा झाला. मुंबईत त्याआधी टोळीवाल्यांचे राज्य होते. माझे आजोबा पहाटे टोळीवाल्यापुढे उभे राहत. वडिलांच्या खिशात मात्र गोदीचे कार्ड होते. आमच्या घरातील दोन पिढ्यांमधला फरक तो एवढाच, आणि तो एका कार्डाचा. पी. डिमेलोंसारख्या पुढाऱ्यांनी ज्यासाठी तुरुंग भोगला ते हे कार्ड. काम तात्पुरते असेल, माणूस तात्पुरता नसतो. हे तत्त्व कायद्याने प्रथम मान्य केले ते गोदीत.

आता पाहा, होड्यांचे प्रदर्शन कोणत्या घटकेला जन्मले. १९६६ च्या मे-जूनमध्ये ब्रिटिश खलाशांचा मोठा संप झाला. ५६ तासांचा आठवडा ४० तासांवर आणा, ही मागणी. सरकारने आणीबाणी पुकारली. १९६७ च्या सप्टेंबरात गोदी कामगारांना कायम मालक मिळाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर क्वीन मेरी हे जहाज साउदॅम्प्टनहून कायमचे गेले. लोक विमानाने जाऊ लागले होते, माल पेटाऱ्यांतून म्हणजे कंटेनरांतून येऊ लागला होता. नोंदवहीत नाव पक्के झाले, तेव्हा वहीच आखूड होऊ लागली. याच सुमारास, १९६९ मध्ये, मेफ्लॉवर पार्कवर पहिले प्रदर्शन भरले. पुढे १९८९ मध्ये ती १९४७ ची योजनाही रद्द झाली. जेथे जहाजे माल उतरवीत, तेथे आता जहाजे स्वतःच माल झाली होती.

मी हे कडवटपणे सांगत नाही. होडी ही केवळ श्रीमंताची चैन, असे आपण समजतो. ते पूर्णपणे खरे नाही. १९६३ मध्ये मिरर नावाची लहान होडी निघाली. प्लायवूडचे तुकडे घरी आणायचे, तांब्याच्या तारेने शिवायचे, सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची. किंमत होती ६३ पौंड ११ शिलिंग. एका खपाच्या वृत्तपत्राच्या नावाने ती निघाली, शिडे त्याच्या रंगाची तांबडी, आणि अशा हजारो होड्या सामान्य घरांच्या अंगणांत बांधल्या गेल्या. रविवारची सुट्टी, आठ तासांचा दिवस, पगारी रजा यांसाठी जे लढले त्यांच्या मुलांनी त्या सुट्टीत शीड उभारले, तर त्यात वाईट काय? आम्ही सुट्टी मागतो ती झोपण्यापुरतीच मागत नाही.

आणि १९६९ सालात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. त्या वर्षी २२ एप्रिल रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण फाल्मथला परत आला. ३१२ दिवस एकट्याने, कोठेही न थांबता, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. त्या स्पर्धेत नऊजण उतरले होते. पुरी केली ती त्याने एकट्याने. त्याची होडी 'सुहेली' ही मुंबईत बांधलेली होती. १९६३-६४ मध्ये, सागवानाची, ३२ फुटी. तासणीने लाकूड तासून आणि दोरीने फिरवायच्या सामत्याने भोके पाडून आपल्याकडच्या सुतारांनी ती घडवली. दक्षिण महासागराच्या लाटांनी तिचे शीड फाडले, सुकाणूची यंत्रणा मोडली; सांगाडा मात्र घरी परतला. नाविकाला पुढे 'सर' ही पदवी मिळाली, आणि ती त्याने कमावली होती यात शंका नाही. परंतु सुहेलीचे नाव घेणाऱ्यांपैकी किती जणांना तिच्या सुतारांची नावे सांगता येतील? हात आहेत, नाव नाही.

एक अलीकडची गोष्ट सांगतो. २०२० साली साथीच्या दिवसांत नेहमीचे प्रदर्शन रद्द झाले होते. त्याऐवजी नियम पाळून, लहान स्वरूपाचे एक प्रदर्शन ११ सप्टेंबरपासून भरायचे ठरले. पंटून जोडून झाले, होड्या लागल्या, तंबू उभे राहिले. आदल्या दिवशी, १० तारखेला, शहराच्या नगरपालिकेने आरोग्याच्या कारणावरून परवानगी काढून घेतली. आजार वाढत होता. निर्णयाला दोष देण्याचे मला कारण नाही. पण विचार करा : सगळे उभे, आणि पाहायला कोणी नाही. त्या दिवशी शहराने पंटूनवरच्या त्या तरुणाचे प्रदर्शन पाहिले, म्हणजे आधीचे आणि नंतरचे, मधले नाही. अशा वेळी व्यापाऱ्याच्या नुकसानीचा हिशेब कागदावर असतो. एका महिन्याच्या माणसाचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

वहीवरून आठवले. मी युनियनच्या कामात नवीन होतो तेव्हाची गोष्ट. आपल्याच शहरात एका मोठ्या प्रदर्शनाचा मंडप बांधताना एक तरुण बांबूंच्या परातीवरून पडला आणि गेला. उद्घाटन ठरल्या वेळी झाले. कंत्राटदार म्हणाला, "हा माणूस आमचा नव्हेच, मस्टरवर नाव दाखवा." नाव नव्हते, कारण मस्टरच नव्हते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली दावा लावला, पण पुरावा कोठून आणणार? शेवटी मैदानाबाहेरच्या चहावाल्याने आपली उधारीची वही आणून दिली. त्यात त्या आठवड्याच्या तारखा, मंडपाच्या मुकादमाचे नाव, आणि खाली बारा माणसांचे चहा-पाव नावानिशी. मेलेल्या पोराच्या नावापुढे पडण्याच्या दिवशीचे दोन चहा मांडलेले होते. त्या दोन चहांवर आम्ही दावा जिंकलो. निकालाला सहा वर्षे लागली. त्याच्या आईने पैसे हाती घेतले आणि मला विचारले, "साहेब, ते दोन चहा कुणी फेडले का?" मी चहावाल्याकडे गेलो, तर त्याने ते केव्हाच खोडले होते.

तेव्हापासून माझे मत बनले आहे, की नोंद ही कारकुनी बाब नव्हे. ऑलिंपिकवरचे आगवाले "होडी गळते" असे म्हणू शकले, कारण त्यांची नावे एका संघटनेच्या वहीत होती. ज्याचे नाव कोठेच नाही, तो तक्रार करीत नाही. तो दुसऱ्या दिवशी येत नाही, इतकेच. साउदॅम्प्टनचा तो तरुण आणि आमचा मंडपातला पोरगा यांच्यामध्ये हजारो मैलांचे पाणी आहे. पण दोघांचे काम एकाच जातीचे : थोड्या दिवसांसाठी काहीतरी पक्के उभे करायचे आणि गर्दी येण्यापूर्वी दिसेनासे व्हायचे. गोदीच्या कामगारासाठी १९४७-४८ मध्ये जे सुचले, ते जत्रेच्या कामगारासाठी सुचायला काय हरकत आहे? जत्रा बदलतील, कंत्राटदार बदलतील. नोंदवही एक असावी, आणि प्रत्येक जत्रेने तीत आपला वाटा भरावा. हे अशक्य आहे असे मला कोणी सांगू नये. गोदीतही आधी हेच सांगितले होते.

आता आवरतो. आज संध्याकाळी लवकर येऊन मी चिटणीसांना विचारले, "हा मंडप कोणी बांधला?" त्यांनी कंत्राटदाराचे नाव सांगितले. मी म्हटले, "ते नव्हे, हातांची नावे." त्यांना ठाऊक नव्हती, पण त्यांचा चांगुलपणा असा, की त्यांनी लगेच एका कार्यकर्त्याला धाडले. व्याख्यान सुरू होण्यापूर्वी चिठ्ठी माझ्या हाती आली. सात नावे आहेत. ती चिठ्ठी मी मंडळाच्या दप्तरात लावण्यासाठी अध्यक्षांच्या स्वाधीन करतो.